घोड्याची ताठ मान

आपल्या भाषेंत ‘ताठ मान’ हा गौरवाचा शब्द आहे. जो कोणापुढें वांकला नाहीं त्याची मान ताठ, आणि ज्याला चारचौघांत खालीं पाहावें लागलें त्याची अब्रू गेली. हीच दृष्टि आपण नकळत घोड्यालाही लावतों. चित्रांतला घोडा मान कमानीसारखी उंच धरून, हनुवटी छातीकडे ओढून, नाकपुड्या फुलवून उभा असतो. तो पाहून आपण म्हणतों, ‘काय रुबाब आहे!’ परंतु ज्यांनीं घोड्याच्या अंगावरून रोज हात फिरविला आहे त्यांस विचारलें तर ते निराळें सांगतील. निर्धास्त घोडा मोकळ्या रानांत उभा असला म्हणजे त्याची मान सैल सुटलेली, जवळजवळ पाठीच्या रेषेंत असते. एखादा उमदा घोडा क्षणभर उत्साहानें मान कमानदार करतो, नाहीं असें नाहीं. पण तासच्या तास उंच राहिलेली मान, ताठलेला गळा व आंवळलेला जबडा हीं बहुधा भीतीचीं, दुखण्याचीं किंवा ओढलेल्या लगामाचीं चिन्हें असतात.

घोड्याच्या गळ्यांतील व मानेंतील स्नायूंचा हा ताण कसा ओळखावा आणि कसा सैल करावा, हा आजच्या सदराचा विषय आहे. गिरगांवच्या चाळींत किंवा दादरच्या तीन खोल्यांत घोडा कोठून आला, असें कोणी हंसून विचारील. पण घोडा अजून आपल्या घरापर्यंत येतो. मुलाच्या लग्नांत वरातीला घोडा ठरवायचा कीं नाहीं, हा प्रश्न घरांतील वडील मंडळींपुढें येतोच. मे महिन्यांत किंवा दिवाळीच्या सुटींत कुटुंब माथेरानला जातें, तेव्हां दस्तुरी नाक्यापाशीं उतरल्याबरोबर मुलें घोड्याचा हट्ट धरतात. आणि अलीकडे कांहीं घरांतील मुलगे व मुली महालक्ष्मीच्या मैदानावर रीतसर घोडेस्वारी शिकूं लागल्या आहेत. या तिन्ही प्रसंगीं लगाम दुसऱ्याच्या हातांत असला तरी पैसे आपले असतात. आणि ज्याचे पैसे, त्याच्याकडे थोडी तरी जबाबदारी येते.

मुंबईचें आणि घोड्याच्या मानेचें नातें जुनें आहे. ९ मे १८७४ रोजीं या शहरांत ट्राम सुरू झाली ती घोड्यांनीं ओढलेली. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत उतारू नेण्याचें काम त्या मुक्या जनावरांनीं केलें, आणि १९०५ सालीं घोड्यांची ट्राम बंद होईपर्यंत म्हणजे एकतीस वर्षें शहराची ये-जा त्यांच्या खांद्यांवर चालली. योगायोग असा कीं, प्राण्यांना निर्दयपणें वागविण्यास आळा घालणारी मुंबईंतील संस्थाही त्याच १८७४ सालीं स्थापन झाली. पुढें सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीनें परळ येथें त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, आणि १८८६ सालीं त्याच आवारांत पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. परळ-लालबागच्या जुन्या रहिवाशांना हें रुग्णालय ‘बैलघोडा हॉस्पिटल’ या नांवानेंच ठाऊक आहे. लोकांनीं ठेवलेलें हें नांव मोठें बोलकें आहे. बैलाची जुवाखालची मान आणि घोड्याची लगामाखालची मान, या दोन मानांनीं हें शहर वाहून नेलें.

तो काळ आतां मागें पडला. व्हिक्टोरिया गाड्या चालविणें बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं दिला. ज्या पुतळ्यामुळें कोटांतील एका भागाला ‘काळा घोडा’ हें नांव पडलें, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालींच तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेला होता. २०१७ सालीं त्या नांवाच्या जागीं पुन्हा एक काळा घोडा उभा राहिला, पण या खेपेस त्याच्या पाठीवर कोणी नाहीं. रस्त्यावरचा घोडा संपला म्हणून घोड्याचा ताण मात्र संपला नाहीं. तो ओळखण्याची आपली संवय तेवढी सुटली. पूर्वी व्हिक्टोरियाच्या अड्ड्याशेजारीं राहणाऱ्या पोरालाही थकलेला घोडा कळे; आतां शिकल्यासवरल्या माणसालाही कळत नाहीं.

ताण सैल करावयाचा तर आधीं मानेची रचना समजली पाहिजे. घोड्याच्या मानेंत सात मणके असतात; आपल्याही मानेंत सातच. परंतु आपलें डोकें खांबावरच्या कलशासारखें मणक्यांवर तोललेलें असतें, तर घोड्याचें जड डोकें लांब मानेच्या टोंकाला पुढें लोंबतें. डोकें आणि मान मिळून त्याच्या अंगाच्या वजनाचा सुमारे एक-दशांश भाग होतो. म्हणजे चारशें किलोंच्या घोड्याला चाळीस किलोंचा भार अखंड पेलावा लागतो. हें काम केवळ स्नायूंवर टाकलें असतें तर तो तासाभरांत थकला असता. म्हणून निसर्गानें कवटीच्या मागल्या भागापासून वशिंडाच्या जागेपर्यंत, आयाळीखालून, रबरासारखा एक भक्कम लवचिक पट्टा ताणून दिला आहे. त्याच्या आधारावर डोकें बिनश्रमानें झुलत राहतें. चरतांना मान खालीं गेली कीं हा पट्टा ताणला जातो, पाठीचे मणके त्यामुळें किंचित् उचलले जातात आणि स्नायूंना विसावा मिळतो. मोकळा घोडा चोवीस तासांतले निम्म्याहून अधिक तास चरण्यांत, म्हणजे मान खालीं सोडून घालवितो. मान खालीं असणें हीच त्याची मूळची बैठक.

आतां गळ्याकडील बाजू पाहूं. मानेच्या दोन्ही बाजूंना एक लांब स्नायु डोक्याच्या मागल्या भागापासून निघून थेट पुढल्या पायाच्या वरच्या हाडापर्यंत जातो; पाय पुढें टाकण्याचें काम त्याच्याकडे आहे. दुसरा एक स्नायु छातीच्या हाडापासून निघून जबड्याला जाऊन मिळतो. शिवाय जिभेच्या मुळाशीं एक लहानसें हाड असतें. तें वर कानामागें कवटीला टांगलेलें, आणि खालीं बारीक पट्ट्यांसारख्या स्नायूंनीं छातीशीं व खांद्याच्या बाजूशीं बांधलेलें. याचा अर्थ काय झाला? तोंडांतील कडियाळ्यानें जीभ दाबली कीं तो दाब जिभेवर थांबत नाहीं. गळ्यांतून उतरून तो छातीपर्यंत व खांद्यापर्यंत पोहोंचतो. घोड्याचा गळा आंवळला कीं त्याचें पाऊल आखूड पडूं लागतें. ‘घोडा पुढून जखडला आहे’ असें स्वार म्हणतो आणि खुरांत किंवा नालांत दोष शोधतो. पुष्कळदा दोष कानशिलामागें असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. घोडा तोंडानें श्वास घेऊं शकत नाहीं. त्याला नाकाचाच मार्ग आहे. भरधांव धांवतांना तर एका ढांगेला एक श्वास असा त्याचा ठेका बांधलेला असतो. हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान वळविली कीं घशांतील वाट अरुंद होते, आणि जबडा व पहिला मणका यांमध्यें बसलेली लाळेची मोठी गांठ चेंगरली जाते. माणसाला गळपट्टा आंवळून जिना चढावयास सांगण्यासारखा हा प्रकार आहे. पाहणारे मात्र त्याला डौल म्हणतात.

हा डौलाचा हव्यास फार जुना आहे व तो कोण्या एका देशाचा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत विलायतेंतील श्रीमंतांच्या गाड्यांचे घोडे मान उंच ठेवून उभे दिसावेत म्हणून कडियाळ्यापासून पाठीवरील साजापर्यंत एक आखूड वादी खेचून बांधीत. चढावावर गाडी ओढतांना घोड्याला मान खालीं घालून अंगाचें वजन पुढें टाकावें लागतें. ती वादी तेंही करूं देत नसे. १८७७ सालीं ॲना स्यूएल या बाईंची ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. घोड्याच्याच तोंडून सांगितलेल्या त्या कथेंत या वादीचा छळ असा वर्णिला आहे कीं, ती पुढें लोकनिंदेस पात्र झाली. बाई स्वतः पायानें अधू होत्या. त्यांचें हिंडणेंफिरणें घोड्याच्या गाडीवरच अवलंबून होतें. पुस्तक निघाल्यावर थोड्याच महिन्यांनीं त्या वारल्या, आणि त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हां त्यांच्या आईनें शववाहक गाडीच्या घोड्यांच्या त्या वाद्या आधीं सोडावयास लावल्या, अशी हकीकत सांगतात. आजही हा प्रश्न मिटलेला नाहीं. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत घोड्याच्या नाकावरचा पट्टा किती आंवळला आहे हें मोजण्याचें साधन २०२५ पासून वापरांत आणावें लागलें, यावरूनच माणसाचा हात किती घट्ट असतो तें दिसतें.

आपल्याकडे वरातीच्या घोड्याचा लगाम खोगिराशीं किंवा छातीच्या पट्ट्याशीं आवळून बांधलेला पुष्कळदा दिसतो. हेतु तोच, मान कमानदार दिसावी. कांहीं ठिकाणीं कडियाळ्याला आंतून कांटे किंवा गोळे असतात. असलें कांटेरी कडियाळें वापरण्यास १९६५ च्या केंद्रीय नियमांनीं बंदी केलेली आहे, ही गोष्ट घोडा ठरविणाऱ्या प्रत्येक गृहस्थास ठाऊक असावी. याखेरीज मान ताठण्याचीं दुसरींही कारणें आहेत. घोड्याचे दांत जन्मभर वर सरकत असतात. दळून दळून त्यांच्या कडा धारदार होतात आणि गाल किंवा जीभ कापते, मग तो जबडा आंवळून धरतो. खोगीर पुढें खांद्यावर चढलेलें असलें किंवा बसणारा तोल जाऊं नये म्हणून लगामालाच लोंबकळत असला, तरी मान ताठते. दाणा उंच गव्हाणींत व बांधणें आखूड दोरीनें, असें असलें तर दिवसभरांत मान खालीं जाण्याची वेळच येत नाहीं. आणि शेवटचें कारण भीति. कानांशीं ताशा, पायांशीं फटाका व तोंडासमोर विजेचा झोत, असें असतां कोणाची मान सैल राहील?

ताण ओळखावा कसा? घोड्याच्या कानामागून खांद्यापर्यंत सपाट तळव्यानें हळूहळू हात फिरवावा. निरोगी स्नायु भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा लागतो, दाबला तर दबतो व सोडला तर भरून येतो. ताणलेला स्नायु वाळल्या दोरखंडासारखा लागतो, आणि बोट पडतांच घोडा कातडी थरथरवितो, मान झटकतो किंवा कान मागें टाकतो. दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात; एका बाजूचा फुगवटा अधिक असला तर तो त्याच बाजूनें ओढला जात असावा. जबड्याचा गोल स्नायु, जो आपल्याला ‘गाल’ वाटतो, तो दगडासारखा लागला तर दांत किंवा कडियाळें यांची चौकशी करावी. वळतांना घोडा एका बाजूला सहज वळतो व दुसऱ्या बाजूला डोकें तिरपें करतो, हीही एक खूण आहे.

परंतु हात लावण्यापूर्वी एक सावधगिरी अवश्य पाळावी. मानेचा प्रत्येक ताठपणा चोळून जाणारा नसतो. जबड्याखालीं गांठी सुजल्या आहेत, नाकांतून पू येतो व अंगांत ताप आहे, तर तो संसर्गजन्य गळ्याचा रोग असण्याचा संभव आहे. अशा घोड्याला चोळूं नये, इतरांपासून वेगळा बांधावा. खाल्लेलें अन्न व लाळ नाकांतून बाहेर येत असेल तर घास अन्ननलिकेंत अडकला आहे. मानेच्या शिरेवर सुई टोंचल्यानंतर तेथें कडक व ऊन सूज आली असेल तर तीही चोळावयाची नव्हे. आणि सर्वांत भयंकर म्हणजे धनुर्वात. घोड्याला तो फार लवकर होतो. खुरांत खिळा गेल्याचें निमित्त पुरतें. मान व कान ताठतात, जबडा मिटतो, डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यांतून पांढरट पडदा पुढें सरकतो, आणि चारी पाय लांकडी घोड्याप्रमाणें फांकतात. यांतलें एकही चिन्ह दिसलें तर क्षणभरही न थांबतां शालोत्र्याला म्हणजे पशुवैद्याला बोलवावें. मुंबईंत असल्यास परळ आहेच. धनुर्वाताची प्रतिबंधक लस घोड्याला वेळेवर टोंचणें हें सर्व चोळण्यापेक्षां श्रेष्ठ.

परळचें नांव निघालें म्हणून सांगतों. त्याच परळमधील हाफकीन संस्थेनें सर्पविषावरील औषध घोड्याच्या रक्तापासून तयार करण्याचें काम वर्षानुवर्षें केलें. घोड्याला विषाची अल्प मात्रा क्रमाक्रमानें टोंचावयाची, त्याच्या रक्तांत प्रतिविष तयार झालें म्हणजे तें रक्त थोडें काढून घ्यावयाचें, आणि त्यांतील रक्तजल शुद्ध करून माणसाला द्यावयाचें, अशी ही रीति आहे. तें रक्त काढतात तें घोड्याच्या मानेच्या शिरेंतूनच. आपल्या देशांत सर्पदंशावरचें औषध आजही घोड्यांपासूनच तयार होतें. कोंकणांतल्या शेतावर ज्याचा बाप किंवा भाऊ त्या औषधानें वांचला, त्याचा जीव कोण्या एका घोड्याच्या मानेशीं बांधलेला आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष रीति. घोड्याला संभाळणारा जवळ असावा. अनोळखी घोड्याला एकट्यानें हात लावूं नये. प्रथम कडियाळें, नाकपट्टी व आंवळ पट्टे काढून साधी मोहरकी ठेवावी. दोरी खुंटाला न बांधतां सैल हातांत धरावी, म्हणजे त्याला मान खालीं घालण्यास जागा राहील. आपण समोर किंवा मागें उभे न राहतां खांद्यापाशीं उभें राहावें. आमच्या जुन्या पागांतले मोतद्दार रोज खरारा करीत तो केवळ धूळ झाडण्यासाठीं नव्हे. खराऱ्याच्या निमित्तानें सारें अंग हाताखालून जाई आणि रक्त खेळतें होई. तसाच आरंभ करावा. दोन-चार मिनिटें नुसता तळवा आयाळीच्या खालच्या बाजूनें कानापासून वशिंडापर्यंत, केंसांच्या दिशेनें, संथपणें फिरवीत राहावा. घोडा थंड असतांना किंवा नुकताच घामेजून आला असतांना एकदम जोर लावूं नये. थोडा चालवून आणलेला व घाम निवालेला घोडा चोळण्यास उत्तम.

यानंतर कानामागचा, जेथें डोकें मानेला मिळतें तो भाग घ्यावा. तेथें बोटांचीं अग्रें ठेवून लहान लहान वर्तुळें काढावीत. दाब किती द्यावा? आंबा पिकला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपण अंगठा जितका दाबतों, तितकाच. अधिक दाब दिला कीं घोडा त्याच्याविरुद्ध स्नायु ताठ करतो, आणि मग आपण त्याच्याशीं कुस्ती खेळत राहतों. त्यांत आपला निभाव लागणें नाहीं. एखादी जागा त्याला दुखरी वाटली, त्यानें पापणी फडफडविली, तर बोट तेथेंच पण अगदीं हलकें करून ठेवावें व वाट पाहावी. कधीं अर्धें मिनिट, कधीं दोन मिनिटें. मग जबड्याच्या गोल स्नायूवर तळव्यानें वर्तुळें काढावीत. शेवटीं मानेचा खालचा भाग, जेथें ती खांद्यांत शिरते, तेथें मूठ सैल मिटून तिच्या सपाट बाजूनें हळूहळू दाबीत खालीं यावें. गळ्याच्या मध्यभागीं श्वासनलिका आहे, आणि तिच्या बाजूच्या खोबणींतून मोठी रक्तवाहिनी जाते. या दोहोंवर दाब कधींही देऊं नये. कानाच्या बुडाशीं जबड्यामागें लाळेची गांठ आहे, तीही सोडावी. गळ्याचा ताण गळा दाबून जात नाहीं. तो कानामागून, जबड्यावरून व खांद्याकडून सोडवावा लागतो.

ताण सुटत असल्याचें घोडा स्वतः सांगतो. प्रथम खालचा ओंठ लोंबूं लागतो. मग तो जीभ फिरवितो, रिकामाच चघळतो, लांब उसासा टाकतो किंवा एकामागून एक जांभया देतो. डोळे अर्धवट मिटतात आणि मान इंच-इंचानें खालीं येते. ही मान खालीं येणें म्हणजेच आपल्या श्रमाचें फळ. ती आली कीं हात काढून घ्यावा व त्याला दोन मिनिटें तसाच राहूं द्यावा. त्यानंतर गाजराचा तुकडा घेऊन त्याच्याकडून मान फिरवून घ्यावी: एकदां छातीकडे, एकदां डाव्या खांद्याकडे, एकदां उजव्या खांद्याकडे, एकदां खालीं पुढल्या गुडघ्यांमध्यें. प्रत्येक बाजूस दोन-तीन वेळां पुरे. त्यानें आपण होऊन जेवढी वळविली तेवढीच खरी. दोरीनें ओढून मान वळवूं नये. शेवटीं लगाम लांब सोडून दहा मिनिटें सावकाश चालवावें, आणि दाणा-गवत जमिनीवर किंवा गुडघ्याच्या उंचीच्या घमेल्यांत द्यावें. मान खालीं घालून खाल्ल्यानें स्नायु सैल होतातच, शिवाय श्वासनलिकेंत जमलेला कफ व धूळ वाहून येते. लांबच्या प्रवासांत डोकें उंच बांधलेल्या घोड्यांना फुप्फुसाचा दाह होतो, त्याचें एक कारण हेंच.

येथपर्यंत रीति झाली. पण ती सांगून थांबलों तर वाचकांची फसवणूक होईल. कारण चोळण्यानें मिळालेला आराम टिकतो तो पुढच्या वेळीं लगाम आंवळला जाईपर्यंत. सकाळीं अर्धा तास मान सैल करावयाची आणि संध्याकाळीं तीन तास ती बांधून ठेवावयाची, हें गळक्या घागरींत पाणी भरणें आहे. ताण मानेंत दिसतो, पण तो येतो हातांतून. सुमारे चोवीसशें वर्षांपूर्वीं झेनोफन नांवाच्या ग्रीक सेनानीनें घोडेस्वारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांतही हात हलका ठेवा, घोड्याचें तोंड लगामानें दुखवूं नका, असाच उपदेश आहे. इतक्या जुन्या काळापासून हा उपदेश करावा लागतो, यावरून तो आचरणें किती कठीण तें उघड आहे. कुशल स्वाराची खूण अशी कीं, लगाम किती जोरानें ओढतां येतो यापेक्षां तो नेमका केव्हां सोडावा हें त्याला कळतें. घोड्यानें मागितलेली गोष्ट केली, त्याच क्षणीं हात सैल. तो क्षण चुकला कीं घोड्याला कळत नाहीं कीं आपण बरोबर केलें, आणि तो ताठतो. घरांत मुलें वाढविणाऱ्या आईबापांना हा धडा निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मग आपण करावें काय? घोडेवाल्याला उपदेश करीत सुटणें हें आम्हांस मान्य नाहीं. माथेरानचा घोडेवाला घोड्यावर पोट भरतो, आणि बहुधा घोडा त्याला आपल्यापेक्षां शतपट अधिक कळतो. तो घाई करतो ती पुढलें गिऱ्हाईक सुटूं नये म्हणून, आणि वरातीचा घोडेवाला मान बांधतो ती यजमानांना डौल हवा असतो म्हणून. हा डौल मागणारे आपण आहों. तेव्हां बदल आपल्याच मागणींत झाला पाहिजे. वरातीसाठीं घोडा ठरवितांना आरंभींच सांगावें: मान बांधूं नका, कडियाळें साधें असूं द्या, आमच्याकडे फटाके वाजणार नाहींत, वाजंत्री घोड्याच्या पुढें वीस पावलांवर राहतील. वरात लांबली तर त्या वेळेचे पैसे आपण होऊन द्यावेत व मध्यें घोड्याला पाणी पाजण्यास थांबावें. नवरदेवालाही लगाम हातांत न देतां खोगिराचा पुढला उंचवटा धरावयास सांगावें. घोडा हांकणारा खालून चालतोच आहे. आणि घोड्यावांचून वरात काढावयाची असें घरानें ठरविलें तर त्यांत कमीपणा कसला?

माथेरानांत मुलाला घोड्यावर बसविण्यापूर्वीं आईनें किंवा काकानें दोन मिनिटें घोड्याकडे पाहावें. नाकपट्टीखालीं दोन बोटें सहज जातात काय? गळ्याखालच्या पट्ट्यांतून मूठ फिरते काय? ओंठांच्या कोपऱ्यांत जखम आहे काय? उभा असतांना त्याला मान खालीं सोडतां येते काय? चारही उत्तरें समाधानाचीं असलीं तर तोच घोडा घ्यावा आणि घोडेवाल्याला सांगावें कीं, तुमचा घोडा चांगला ठेवला आहे म्हणून आम्ही तो पसंत केला. असें चार गिऱ्हाइकांनीं म्हटलें कीं पांचव्या घोड्याची वादी आपोआप सैल होईल. मुलाला वर बसवितांना बजावावें, ‘लगाम ओढूं नकोस, भीति वाटली तर आयाळ धर.’ मुलें हें लगेच शिकतात. उतरल्यावर त्यांना घोड्याच्या मानेवरून तळवा फिरवूं द्यावा, घोडेवाल्याला विचारून. कान कसे हलतात, ओंठ कसा लोंबतो हें त्यांना दाखवावें. आणि घोड्यानें उसासा टाकून मान खालीं सोडली, तर त्या उसाशाचा अर्थ सांगावा.